बोअरचे जड पाणी आणि दोन फुटांचा टँक: कोणते मासे एकत्र ठेवावेत, त्यांना काय खायला घालावे?

वडगावकर

सर्वांना नमस्कार. मी बेळगावात वडगाव भागात राहतो. दिवाळीत मुलीच्या हट्टाखातर दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असा काचेचा टँक घरी आणला. टँकमध्ये पाणी भरून एक रात्र मोटर चालवली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जे मासे डोळ्यांत भरले ते सगळे घेऊन आलो: दोन गोल्डफिश, दोन एंजल, आठ गप्पी, सहा निऑन टेट्रा, चार टायगर बार्ब आणि काच स्वच्छ राहील म्हणून एक सकर. हे सगळे एकत्र राहतात असे दुकानात सांगण्यात आले आणि मी त्यावर विश्वास ठेवला.

आज पाच आठवडे झाले. तेवीस माशांपैकी अकरा उरले आहेत. पहिल्याच आठवड्यात गप्पींच्या शेपट्या कुरतडल्यासारख्या दिसू लागल्या. शेपूट फुलवून टँकभर फिरणारे नर फिल्टरच्या नळीमागे अंग चोरून उभे राहू लागले आणि त्यांतले पाच गेले. निऑन एकेक करून कमी होत गेले, पण मेलेला मासा कधी हाती लागला नाही. एके दिवशी पहाटे दिवा लावला, तेव्हा मोठ्या एंजलच्या तोंडातून निऑनचे शेपूट आणि त्याची लाल पट्टी बाहेर दिसत होती. मुलगी माझ्या शेजारीच उभी होती. त्या दिवसापासून ती टँकजवळ बसत नाही, आणि ज्या मुलीसाठी हे सगळे आणले तीच दूर गेली, याचे मला फार वाईट वाटते.

घराला बोअरचे पाणी आहे. त्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. नळाला पाच-सहा दिवसांनी पाणी येते, ते आम्ही पिण्यासाठी साठवतो, त्यामुळे टँकमध्ये बोअरचेच पाणी असते. दर रविवारी मी सगळे पाणी काढून, खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुऊन पुन्हा भरतो. खाण्यासाठी रंगीत गोळ्यांचे एक पाकीट आहे. शिवाय मुलगी शाळेतून आली की मूठभर चुरमुरे टाकत असे, कारण देवळाच्या तळ्यात लोक माशांना चुरमुरे घालतात हे तिने पाहिले आहे. आईही मधूनच भाकरीचा तुकडा कुस्करून टाकते.

आमच्या पाण्यात आणि एवढ्याच जागेत कोणते मासे एकमेकांना त्रास न देता राहतील, आणि त्यांना नेमके काय, किती आणि केव्हा घालावे, हे कोणी समजावून सांगेल का?

शहापूरचा जुना टँक

वडगावकर, आपल्या टँकमध्ये दोन संकटे एकाच वेळी चालू आहेत. ती वेगळी करून पाहिली नाहीत, तर मासे बदलूनही उपयोग होणार नाही.

पहिले संकट पाण्याचे. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, तसेच उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर हळूहळू जिवाणूंची वस्ती होते, त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात आणि काही नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच असतो, नायट्रेट मात्र मासे बऱ्याच प्रमाणात सोसतात. ही वस्ती पूर्ण बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, ज्याला आपण टँक सायकल होणे म्हणतो. आपण एका रात्रीनंतर तेवीस मासे सोडले आणि त्यानंतर दर रविवारी स्पंज नळाखाली धुऊन जी थोडी वस्ती बसत होती तीही वाहून जाऊ दिली, त्यामुळे पाच आठवडे उलटूनही आपला टँक पहिल्या आठवड्यातच अडकून राहिला असण्याची शक्यता मोठी आहे. यापुढे स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत, दोन-तीन वेळा दाबून घ्यावा. नळाचे पाणी वापरायची वेळ आली, तर त्यातले क्लोरीन अँटी-क्लोरीनचे थेंब घालून किंवा चोवीस तास हवा सोडून घालवल्याशिवाय ते टँकमध्ये ओतू नये, कारण क्लोरीन त्या जिवाणूंनाही मारते. सगळे पाणी एकदम बदलणे आजपासून बंद करा. सध्या दिवसाआड पाव टँक बदला आणि टँक स्थिरावला की आठवड्यातून एकदा पाव टँक पुरेल.

यात बोअरच्या पाण्याची एक मेख आहे. पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे ते दाखवणारा आकडा, जड पाण्यात तो बहुधा जास्त असतो) ७ वरून ८ वर गेला, की एकूण अमोनियामधला विषारी स्वरूपातला वाटा सुमारे दहापट होतो. म्हणजे नरम पाण्याच्या टँकमध्ये जो अमोनिया मासे कसेबसे सोसतील, तोच आपल्याकडे त्यांचे कल्ले जाळू शकतो.

दुसरे संकट सोबतीचे. गोल्डफिश थंड पाण्याचा, सतत खाणारा आणि फार घाण करणारा मासा आहे. दोन गोल्डफिशनाच आपला आख्खा टँक अपुरा आहे, कारण खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली तर त्यात जेमतेम पंचेचाळीस लिटर पाणी राहते. एंजल अमेझॉनच्या खोऱ्यातला आहे, त्याला सव्वीस अंशांच्या आसपास उबदार पाणी हवे, उंचीला किमान दीड फुटाचा टँक हवा आणि तोंडात मावेल तो मासा हे त्याचे नैसर्गिक खाणे आहे. निऑन त्याच खोऱ्यातला असून तिथले एंजल त्याला खातातच, म्हणून आपल्या एंजलने काही विपरीत केले असे मुलीने मानू नये, एवढे तिला जरूर सांगा. टायगर बार्ब आठ-दहांच्या थव्यात असला तर भांडणे आपसातच उरकतो, चारच असले की दुसऱ्यांच्या लोंबत्या शेपट्यांकडे वळतो, आणि गप्पीची शेपूट त्याच्यासमोर सारखी हलत असते. सकर आज तीन इंचांचा असेल, पण तो फूटभराहून मोठा होतो.

या सगळ्यांत आपल्या पाण्याला साजेसा मासा एकच आहे आणि तो म्हणजे गप्पी. मॉली आणि प्लॅटी हेही त्याच कुळातले. तिघेही पिल्ले देणारे आणि जड, क्षारयुक्त पाण्यात खुलणारे आहेत. पण नावे ठरवण्याआधी पाण्याचा पीएच, जीएच (म्हणजे पाण्याचा जडपणा), अमोनिया आणि नायट्राइट मोजून इथे लिहा. थेंब टाकून रंग पाहण्याचा संच घ्या, कागदी पट्ट्यांचा भरवसा कमी. आणि पहाटे पाच-सहाच्या सुमारास पाण्याचे तापमान अवश्य पाहा. आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, इथली डिसेंबरची पहाट मुंबई किंवा चेन्नईची नव्हे, आणि मासे बहुधा तिकडूनच येतात.

वडगावकर

आपले मनःपूर्वक आभार. आज संच आणून मोजले. पीएच ८, जीएच १७, अमोनिया लिटरला १ मिलिग्रॅम आणि नायट्राइट ०.५. पिण्यासाठी साठवलेले नळाचे पाणीही मोजले, त्याचा पीएच ७.४ आणि जीएच ४ निघाला. आज पहाटे साडेपाच वाजता टँकचे पाणी १९ अंश होते, दुपारी ते २४ वर गेले. हीटर नाही.

नळाचे पाणी एवढे नरम आहे हे पाहून एक मनात आले. दोन्ही पाणी निम्मे-निम्मे मिसळले, तर निऑन पुन्हा आणता येतील का? मुलीला तेच सर्वांत आवडले होते.

शहापूरचा जुना टँक

मिसळता येईल, पण मी मिसळणार नाही. जीएच १७ म्हणजे लिटरला सुमारे ३०० मिलिग्रॅम क्षार झाले. राकसकोपचे काय किंवा हिडकलचे काय, धरणाचे पाणी त्या मानाने नरमच असते, म्हणून आकड्यांत हे गणित जमते. परंतु उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी आले नाही, तर आपण पिण्याच्या पाण्यातले वीस लिटर माशांना देणार नाही, आणि द्यावे असे मी सांगणारही नाही. मग त्या आठवड्यात नुसते बोअरचे पाणी पडेल, पुढच्या आठवड्यात पुन्हा मिश्रण, आणि माशाला सर्वांत जास्त मारते ती ही वर-खाली होणारी अवस्था. बारा महिने जे पाणी घरात हमखास आहे, त्या पाण्याचा मासा निवडावा, असे माझे अनुभवाचे मत आहे. शिवाय आपल्या टँकचे जिवाणू अजून बसलेले नाहीत आणि निऑन नव्या टँकमध्ये टिकत नाही.

माझी निवड अशी राहील: प्लॅटी पाच, त्यांत नर दोन आणि माद्या तीन, आणि त्यांच्यासोबत झेब्रा डॅनियो सहा. दोन्ही मासे १९-२० अंशांची पहाट सहज काढतात, त्यामुळे रात्री वीज गेली आणि हीटर बंद पडला तरी जिवावर बेतत नाही. झेब्रा डॅनियो आपल्या देशातल्या ओढ्यांतला मासा आहे आणि त्याच्या अंगावरच्या निळ्या रेघा दिव्याखाली निऑनइतक्या नसल्या तरी चांगल्या चमकतात. मुलीचे मन त्यावर रमेल असे वाटते. पन्नास वॅटचा हीटर मात्र जरूर घ्या आणि २४ वर लावून ठेवा, म्हणजे दिवस-रात्रीतला पाच अंशांचा फरक राहणार नाही.

मलप्रभेकाठची

नमस्कार वडगावकर. मी खानापूरला असते आणि शाळेत शिकवते. आमच्या वर्गाच्या टँकची देखभाल गेली सहा वर्षे मुलांसोबत करते आहे, म्हणून खाण्याविषयी लिहिते. दादांनी पाण्याचे सगळे सांगितलेच आहे.

चुरमुरे आणि भाकरी आजपासून पूर्ण बंद करा. मुलीला रागावून बंद करू नका, एक प्रयोग दाखवून करा. काचेच्या पेल्यात टँकचे पाणी घ्या, त्यात आठ-दहा चुरमुरे टाका आणि पेला झाकून दोन दिवस ठेवा. चुरमुरे आधी तरंगतात, मग फुगून खाली बसतात आणि दुसऱ्या दिवशी पाणी दुधासारखे गढूळ होऊन त्याला आंबूस वास येतो. आमच्या चौथीच्या मुलांनी तो पेला एकदा हुंगला, त्यानंतर वर्गात कोणी चुरमुरा टाकलेला नाही. देवळाच्या तळ्यातले मासे मोठे असतात आणि पाणी अफाट असते. पंचेचाळीस लिटरमध्ये तेच चुरमुरे म्हणजे निव्वळ पिठाची भर, ती माशांच्या पोटात पचत नाही आणि पाण्यात कुजून अमोनियात भर घालते.

आता काय घालावे. प्लॅटी, गप्पी आणि मॉली यांची तोंडे वर वळलेली असतात. ते वरच्या थरात खातात आणि त्यांना वनस्पतीजन्य खाणे लागते, म्हणून स्पायरुलिना (एक प्रकारचे शेवाळ) असलेले फ्लेक, म्हणजे पातळ पापुद्र्यांसारखे तयार खाणे, त्यांना चांगले. डॅनियो वरच्या आणि मधल्या थरात विजेसारखे फिरतात आणि समोर येईल ते आधी गट्ट करतात. म्हणून फ्लेक एकाच जागी टाकू नयेत. आमची मुले टँकच्या उजव्या कोपऱ्यात चिमूटभर टाकतात, डॅनियो तिकडे धावले की दुसरी चिमूट डाव्या कोपऱ्यात टाकतात, म्हणजे संथ माशांनाही निवांत खाता येते. दोन मिनिटांत संपेल एवढेच घालावे. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पुरे होते, आणि आठवड्यातून एक दिवस काहीही घालू नये. उपाशी मेलेला मासा मी पाहिलेला नाही, पण जास्त खाऊ घालून बिघडलेले टँक पुष्कळ पाहिले आहेत. सध्या आपला अमोनिया १ आहे, तोवर दिवसातून एकदाच आणि तेही निम्मे घाला.

फ्लेक आणि गोळ्यांचा दाणा माशाच्या डोळ्याहून मोठा नसावा. एवढी खूण मुलीला सांगून ठेवा, तिला ती लगेच समजेल. आपल्या पाकिटातल्या गोळ्या बहुधा गोल्डफिशसाठीच्या आहेत, त्या गप्पीच्या तोंडात मावत नाहीत, तो त्या चघळून थुंकतो आणि त्या तळाशी कुजतात.

आठवड्यातून एकदा मटारचा दाणा उकडून, साल काढून, बोटाने चुरून द्यावा. पालकाचे पान उकळत्या पाण्यातून काढून देता येते, फक्त दोन-तीन तासांनी उरलेले काढून घ्यावे. पंधरा दिवसांतून एखादे वेळी गोठवलेले ब्लडवर्म (बारीक लाल अळ्या) द्यायला हरकत नाही. दुकानात वाटीत मिळणारे जिवंत ट्युबिफेक्स (दोऱ्यासारखे बारीक किडे) मात्र घेऊ नयेत, ते सांडपाण्यात वाढतात आणि सोबत रोग आणतात.

एक आमच्याकडची अडचण सांगते. पावसाळ्यात खानापुरात हवा इतकी दमट असते की डबा दोनदा उघडला की फ्लेक सादळतात आणि महिनाभरात त्यांना बुरशीचा वास येतो. म्हणून मोठा डबा स्वस्त पडला तरी मी लहानच घेते, त्यातले पंधरा दिवसांचे बाटलीत काढते आणि उरलेले फ्रीजमध्ये घट्ट झाकून ठेवते. बेळगावातही जून ते सप्टेंबर हेच करावे.

निपाणीकर

चर्चा वाचून दोन गोष्टी मांडाव्याशा वाटल्या.

एक म्हणजे उरलेल्या गप्पींचे काय? शहापूरच्या दादांनी प्लॅटी आणि डॅनियो सुचवले ते योग्यच आहे, पण वडगावकरांकडे तीन गप्पी जिवंत आहेत. डॅनियोंना थवा पुरेसा मोठा मिळाला नाही, तर तेही गप्पीच्या लांब शेपटीला तोंड लावतात, हे मी माझ्या टँकमध्ये पाहिले आहे. म्हणून एक तर गप्पी आणि प्लॅटी असा टँक करावा, नाही तर डॅनियो आणि प्लॅटी असा. तिन्ही एकत्र आणू नयेत. मी असतो तर ज्यांनी एवढे सोसून तग धरला त्या गप्पींनाच ठेवले असते. आमच्या भागात हिवतापाच्या बंदोबस्तासाठी विहिरी-हौदांत गप्पीच सोडतात, ते काही उगाच नाही.

दुसरे, मासे आणल्याबरोबर टँकमध्ये सोडण्याची घाई करू नका. मी कोल्हापुरातून मासे आणतो, पिशवीत तास-दीड तास जातो. आल्यावर पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवतो, मग दर पाच मिनिटांनी वाटीभर आपले पाणी पिशवीत घालत जातो, आणि शेवटी जाळीने फक्त मासा उचलतो, पिशवीतले पाणी टँकमध्ये जाऊ देत नाही. त्यानंतरही तीन आठवडे वेगळ्या टबमध्ये, स्पंज फिल्टर लावून. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत हा नियम एकदाच मोडला. चौथ्या दिवशी एका माशाच्या कल्ल्यावर रव्याच्या कणासारखा पांढरा ठिपका दिसला आणि आठवडाभरात सगळ्या टँकवर रवा शिंपडल्यासारखे झाले. थंडीत पाणी गार झाले की हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग हमखास डोके वर काढतो.

एंजलविषयी एवढेच सांगतो की माझ्याकडे जड पाण्यात, तीन फुटांच्या आणि दीड फूट उंच टँकमध्ये, एंजल चार वर्षे उत्तम आहेत. अंडी घालतात, पण ती फारशी फुटत नाहीत, एवढाच काय तो पाण्याचा परिणाम. वडगावकरांना जमत असेल तर त्यांनी आपले एंजल मोठ्या टँकवाल्या कोणाला द्यावेत, ते जगतील.

शहापूरचा जुना टँक

निपाणीकरांचे म्हणणे मला पटले. गप्पी जिवंत आहेत ही गोष्ट माझ्या लिहिण्यात सुटली होती. तेव्हा डॅनियो राहू द्या, गप्पींसोबत प्लॅटीच आणा, आणि तेही अमोनिया आणि नायट्राइट सलग दोन आठवडे शून्य दिसल्यानंतर. पिल्लांची गर्दी नको असेल तर दोन्हींचे फक्त नर घ्या, कारण मादी साधारण महिन्याने पिल्ले देते आणि दोन फुटांचा टँक वर्षभरात भरून जातो.

तळासाठी सकरची गरज नाही. जड पाण्यात नेराइट गोगलगाय उत्तम जगते, काचेवरचे शेवाळ खाते आणि गोड्या पाण्यात तिची वीण वाढत नाही. सकर, टायगर बार्ब आणि गोल्डफिश दुकानात परत घेत असतील तर द्या किंवा ओळखीत कोणाकडे मोठा टँक असेल तर तिथे द्या, पण मार्कंडेय नदीत, किल्ल्याच्या तलावात किंवा शेतातल्या विहिरीत कृपा करून सोडू नका. सकर आपल्या देशातल्या अनेक नद्यांत आणि तलावांत असाच पोहोचला आहे. तो काठाला बिळे करतो, मूळच्या माशांच्या जागा घेतो आणि कोळ्यांच्या जाळ्यांची वाट लावतो.

वडगावकर

आपणा तिघांचे आभार कसे मानावेत ते कळत नाही. आज दोन्ही गोल्डफिश माझ्या मावसभावाकडे हलगा गावी गेले, त्याच्या अंगणात सिमेंटचा मोठा हौद आहे. एंजल घेणारे एक गृहस्थ टिळकवाडीत मिळाले, त्यांचा टँक चार फुटी आहे. टायगर बार्ब आणि सकर दुकानदाराने परत घेतले. आता टँकमध्ये फक्त तीन गप्पी आहेत आणि हीटर लावला आहे.

मलप्रभेकाठच्या ताईंनी सांगितलेला पेल्याचा प्रयोग काल मुलीकडून करून घेतला. आज सकाळी तिने झाकण काढून वास घेतला, काही बोलली नाही, आणि पेला मोरीत ओतून आली. मग स्वतःच खुर्ची ओढून टँकसमोर बसली. एक गप्पी नळीमागून बाहेर येऊन काचेजवळ आला होता. त्याच्या शेपटीच्या फाटक्या कडेला काचेसारखी पारदर्शक नवी कड फुटू लागली आहे, हे तिनेच मला दाखवले.

आजचा अमोनिया ०.५ आहे. दर शनिवारी मोजून आकडे इथेच लिहीत जाईन. शेपटीची ती नवी कड पुढे रंग धरते की तशीच पांढरी राहते, हे मुलीने विचारले आहे. कोणाला अनुभव असल्यास सांगावे.

मलप्रभेकाठची

रंग धरते. पाणी स्वच्छ राहिले तर तीन-चार आठवड्यांत बहुतेक भरून येते, कधी थोडी वाकडी वाढते. तोवर शेपटीवर पांढरा कापसासारखा पुंजका किंवा लालसर कड दिसते का, एवढे तिला रोज पाहायला सांगा, आणि दिसल्यास त्याच दिवशी इथे कळवा.